तिसऱ्या रांगेतलं हसू

पडदा उघडायला दहा मिनिटं असताना मकरंददादानं विंगेतून डोकं बाहेर काढलं आणि मी जागेवर आहे की नाही ते पाहून घेतलं. तिसरी रांग, चौदा नंबर. मी हात वर केला. त्यानं अंगठा दाखवला आणि निर्धास्त होऊन आत गेला. भाऊबीजेला त्यानंच घातलेली निळी साडी मी मुद्दाम नेसून आले होते. त्या दुपारी त्याची वाट लावायची हे सांगलीहून निघतानाच मी ठरवलं होतं, आणि कुणाची वाट लावायला जायचं तर नीटनेटकं जावं, असं माझं मत आहे.

याला आता चौदा वर्षं होतील. मकरंद सबनीस हे नाव आज कितीजणांना आठवेल सांगता येत नाही, पण तेव्हा त्याचा कार्यक्रम लागला की दोन दिवस आधी बाहेर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लागायची. कार्यक्रमाचं नाव 'तासाला शंभर'. एका तासात शंभर विनोद, प्रत्येक एका ओळीचा, फार तर दोन. गोष्ट नाही, नकला नाहीत, गाणं नाही. पांढरा शर्ट घालून माणूस माईकसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "माझे वडील फार शिस्तीचे. मी घरातून पळून गेलो, तेव्हासुद्धा विचारून गेलो." लोक हसून सावरतात न सावरतात तोच पुढचा.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेर कुणाला माहीत नव्हती. एका ओळीचा विनोद हा फार भित्रा प्रकार असतो. लोकांना तो कळतो, पण हसावं की नाही हे ठरवायला प्रत्येकजण शेजारच्याकडे बघतो, आणि तेवढ्यात विनोद मरून जातो. म्हणून कुणालातरी पहिल्यांदा हसावं लागतं. अकरा वर्षं ते काम मी केलं. दादा शेवटचा शब्द टाकून दीड सेकंद थांबायचा. त्या दीड सेकंदात माझं हसू पडायचं आणि मागोमाग सगळं थिएटर.

माझं हसू मुळातच तसलं आहे. आधी कुकरला वाफ धरावी तसं बारीक सू-सू होतं आणि मग एकदम शिट्टी. लहानपणी या हसण्यापायी मी आईचा कमी मार खाल्ला नाही. पोरीनं असं खिदळू नये, ही तिची रोजची कुरकुर. मला दाखवायला सुरुवात झाली तेव्हा दोन स्थळं निव्वळ या हसण्यामुळे गेली. घरात एकटा दादाच म्हणायचा की कालिंदी, तुझ्या हसण्यावर लोक तिकीट काढून येतील. ते त्यानं खरं करून दाखवलं. ज्यासाठी मला जन्मभर गप्प बसवलं गेलं त्यासाठी तो मला गाडी पाठवायचा. त्याच्यासाठी मी काहीही केलं असतं, हेही सांगायला हवं.

विद्याधर मला बघायला आला तेव्हा आईनं दम भरला होता की आज दात दिसता कामा नयेत. त्यानं मला माझं नाव विचारलं. ते ठाऊक असतं, तरी विचारायची रीत असते. पहिल्याच शब्दावर तो अडला. ओठ हलत होते, मानेची शीर फुगली होती आणि आवाज येत नव्हता. दाराआड माझ्या मावसबहिणी फिसफिसल्या. मला हसू आलं नाही. दाबलं वगैरे नाही, आलंच नाही. मी त्याचं संपेपर्यंत थांबले आणि मग नाव सांगितलं. ते ऐकून तो डोळे मिटून जरासा हसला. नंतर कळलं की सगळ्या अक्षरांत त्याचा हाडवैरी म्हणजे 'क'. त्यानं सुरू होणारा शब्द आला की तो सरळ दुसरा शब्द घ्यायचा. काल म्हणायचं असेल तर 'आदल्या दिवशी' म्हणायचा.

म्हणूनच लग्नात, ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्याच्या आईनं हळूच सुचवलं की तुला जमेल असं ठेव बाबा, उमा ठेव, रमा ठेव. नाव बदलायचा हक्क होता त्याचा, आणि माझी हरकतही नव्हती. त्यानं अंगठी हातात घेतली आणि तांदळात लिहिलं, 'कालिंदी'. मग रीतीप्रमाणे ते मोठ्यानं उच्चारायला उभा राहिला.

किती वेळ लागला मला माहीत नाही. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला होता. सनईवाल्यांना कुणीतरी हातानं थांबवलं. दोनशे माणसं उभी होती आणि एक मूलसुद्धा रडत नव्हतं. शेवटी नाव आलं, पूर्ण आलं, आणि विद्याधरच्या कपाळावरून घाम गळत होता. त्या क्षणी मला वाटलं की माझं नाव आजवर कुणी घेतलेलंच नव्हतं. माझ्या शेजारी दादा उभा होता. तो उपरण्यानं डोळे पुसत होता. मी पाहिलंय.

त्यानंतर सात वर्षं विद्याधर मला रोज नावानं हाक मारायचा. सकाळी एकदा तरी. मी हातातलं काम ठेवून थांबायची. माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचा तो. शेतकरी मातीच्या पुड्या घेऊन यायचे आणि तो त्यांना काय कमी आहे, काय घालायचं, ते तोंडी समजावून सांगायचा. वेळ लागायचा. ते लोकही बसून राहायचे. घाईची माणसं नव्हती ती.

मग कोल्हापूरचा प्रयोग झाला. शनिवारची दुपार होती आणि आमच्या लग्नाचा वाढदिवस, म्हणून विद्याधरही आला होता, माझ्या शेजारी तेरा नंबरला. बासष्टावा विनोद संपला आणि दादानं एक नवाच काढला, मला आधी न सांगता.

"आमच्या मेव्हण्यांनी लग्नात बायकोचं नाव घेतलं," तो म्हणाला. "लग्नाला सात वर्षं झाली. परवा पूर्ण झालं."

थिएटर फुटलं. लोक खुर्च्यांचे हात बडवत होते. आमच्या पुढच्या रांगेतला एकजण हसता हसता मागे वळला आणि विद्याधरच्या गुडघ्यावर थाप मारून पुन्हा पुढे बघायला लागला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

परतीच्या एसटीत विद्याधर खिडकीबाहेर बघत होता. घरी आलो, त्यानं चप्पल काढली आणि म्हणाला, "अगं, पाणी दे." सात वर्षांत पहिल्यांदा. जगातले सगळे नवरे 'अगं' म्हणतात, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण त्या दिवसापासून माझं नाव त्या घरात बंद झालं. दादाच्या त्या विनोदाची चित्रफीत मोबाइलवर फिरायला लागली. महिन्याभरात प्रयोगशाळेच्या दारात एक तरुण मुलगा मित्राला म्हणाला, साहेबांना काही विचारू नको, पुढच्या हंगामात उत्तर मिळेल. विद्याधरनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो छापील कागद द्यायला लागला. शेतकरी कागद घ्यायचे, उलटसुलट करून बघायचे आणि जायचे. माणूस बोलायचाच बंद झाला.

मी दादाला तीनदा सांगितलं की तो विनोद काढून टाक. पहिल्यांदा तो बरं म्हणाला. दुसऱ्यांदा त्यानं वही दाखवली. प्रत्येक विनोदाला किती सेकंद हशा मिळाला ते तो वहीत लिहून ठेवायचा. सगळ्यांना चार, पाच. याला आठ. आठ सेकंदांचा विनोद कुणी टाकून देतं का, असं तो मलाच विचारत होता, जणू मी त्याच्या पोटावर पाय देत होते.

तिसऱ्यांदा मी त्याच्या घरी गेले. विद्याधर कागद वाटतो, घरात मुका झालाय, हे सगळं सांगितलं. हात जोडले म्हटलं तरी चालेल. दादानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "विद्याधररावांनी स्वतः येऊन सांगावं, काढून टाक म्हणून. मी थांबतो ना. कितीही वेळ."

आणि स्वतःच हसला. मग त्यानं वही ओढली, पेनाचं टोपण दातानं काढलं आणि ते वाक्य लिहून घेतलं.

मी तिथून उठले तेव्हा माझ्या अंगात एक विलक्षण थंडपणा आला होता. मी भांडले नाही. वहिनीनं दिलेलं सरबत संपवलं आणि पेला धुऊन ठेवला. पुढच्या महिन्यात पुण्याला एका चॅनेलचं रेकॉर्डिंग होतं, सलग एक तास, न थांबवता. विनोदांची लय तुटू नये म्हणून दादानंच तशी अट घातली होती. ते जमलं तर तो महाराष्ट्रभर घराघरांत जाणार होता. त्यानं विचारलं, येशील ना? म्हटलं, येणार म्हणजे काय.

तर तो हा दिवस. पडदा उघडला. पहिल्या पाच विनोदांना मी अगदी प्रामाणिकपणे हसले. दीड सेकंद, सू-सू, शिट्टी, थिएटर. दादाचे खांदे सैल पडलेले मला दिसले. कॅमेऱ्यामागची माणसंसुद्धा हसत होती.

सहावा असा होता: "डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. विचारलं, कुठपर्यंत? म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरपर्यंत." दादा 'कुठपर्यंत' म्हणाला आणि मी हसले. तिथेच. लोकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि दादाचा शेवटचा शब्द कुणाच्याच कानात शिरला नाही. इकडे तिकडे चार टाळ्या पडल्या. दादाला वाटलं, चूक झाली असेल. अकरा वर्षांत एकदा होऊ शकते.

सातव्याला मी पुन्हा तेच केलं. "आमच्या सोसायटीत एकी फार. माझ्या घरी भांडण सुरू झालं," एवढ्यावर मी शिट्टी मारली. चार फ्लॅटचे टीव्ही बंद होतात, हे पुढचं त्यानं माझ्या हसण्यातच ओरडून सांगितलं, आणि ओरडून सांगितलेला विनोद म्हणजे गार पडलेली भजी. दहाव्यापर्यंत त्याला कळून चुकलं. तो वेग वाढवायला लागला, मला जागाच मिळू नये म्हणून. पण शंभरच्या शंभर विनोद मला पाठ होते, कुठला शब्द कुठे पडतो ते मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तो पळायला लागला तशी मी आणखी अलीकडे हसायला लागले. लोकांना मजा वाटायला लागली होती, पण माझी. प्रत्येक विनोदाला माना तिसऱ्या रांगेकडे वळायच्या. ही बाई आता कुठे हसते याची ते वाट बघत होते. दादा काय बोलतो याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. त्याच्या शर्टाला काखेत घामाचे डाग पडलेले मी बघितले आणि मला विद्याधरच्या लग्नातल्या कपाळाची आठवण झाली. म्हटलं, घाम तुलाही येतो तर.

पस्तिसाव्यानंतर दादा थांबला. पाणी प्यायला. मग त्यानं हुकमी पान काढलं, जे बासष्टाव्यानंतर यायचं ते तिथेच. माझ्याकडे सरळ बघून, हसून, एकेक शब्द सावकाश टाकत तो म्हणाला, "आमच्या मेव्हण्यांनी लग्नात बायकोचं नाव घेतलं. लग्नाला सात वर्षं झाली. परवा पूर्ण झालं."

सातशे माना माझ्याकडे वळल्या. मी मांडीवर हात ठेवून बसले होते. हसले नाही. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिले. सगळे माझ्यासाठी थांबले होते आणि मी हसत नव्हते, म्हणून कुणीच हसलं नाही. कुठेतरी मागे एक खुर्ची करकरली. एवढ्या मोठ्या थिएटरमध्ये तेवढाच आवाज.

दादानं पुढचा विनोद घ्यायला तोंड उघडलं. त्याच्या विनोदांना एकमेकांशी काही नातं नसतं. एकामागून एक येतात ते केवळ लयीवर. लय गेली की धरायला काहीच राहत नाही. त्याचं तोंड उघडं होतं, मानेची शीर फुगली होती आणि शब्द येत नव्हता. त्याच्याच पद्धतीनं मी सेकंद मोजले. नऊ. मग तो धन्यवाद म्हणाला आणि आत गेला.

मेकअप रूममध्ये तो एकटाच होता, मानेभोवती टॉवेल तसाच. मी दार लोटून घेतलं. काय बोलायचं ते मी महिनाभर घोटून ठेवलं होतं.

"मुद्दाम केलंस," तो म्हणाला.

"हो. शब्द अडल्यावर माणसाला कसं होतं ते तुला कळावं म्हणून."

तो चिडेल, अंगावर येईल, अशी मी तयारी ठेवली होती. त्यानं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

"कळलं," तो म्हणाला. "पण कालिंदी, विद्याधर माझ्यामुळे नाही मुका झाला. मी परका माणूस, विनोद करून पोट भरणारा. माझ्याकडून त्याला दुसरी काय अपेक्षा असणार. कोल्हापूरला पहिलं कोण हसलं होतं?"

मी दाराच्या कडीला हात घातला.

"मी तर दीड सेकंद थांबलो होतो," तो म्हणाला. "तू हसली नसतीस तर तो विनोद तिथेच मेला असता. आज मेला तसा."

त्यानं टॉवेलनं तोंड पुसायला घेतलं. मी बाहेर आले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि इथवर तुम्हालाही सांगितलं नाही. कोल्हापूरला शेवटचा शब्द पडला, ती ओळखीची जागा आली आणि माझं हसू निघून गेलं. सू-सू, शिट्टी. सगळ्यांच्या आधी. अकरा वर्षांची सवय, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो तसं झालं, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलंय. पण खरं सांगायचं तर विनोद चांगला होता. मला हसू आलं. माझ्या खांद्याला खांदा लावून विद्याधर बसला होता, आणि त्यानं स्टेजकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मग थिएटर फुटलं.

चॅनेलनं ते रेकॉर्डिंग कधी दाखवलं नाही. दादानं वर्षभर आणखी रेटून पाहिलं. तिसऱ्या रांगेत त्यानं दुसऱ्या बायका बसवून पाहिल्या, पण भलत्याच ठिकाणी हसू येईल या धास्तीनं तो शेवटच्या शब्दाआधीच बिचकायला लागला. आता तो लग्नसमारंभांची कामं घेतो, मंडप, जेवण वगैरे. भाऊबीजेला मी जाते, ओवाळते, तो ताटात घालायचं ते घालतो. त्याचं मी जे केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. त्याला ते मिळायलाच हवं होतं, आणि पुन्हा वेळ आली तर पहिले पाचसुद्धा मी सोडणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी सांगलीला पोचले तेव्हा विद्याधर स्वयंपाकघरात खाली बसून उकडलेल्या शेंगा सोलत होता. मी समोर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. सहाव्यापासून पस्तिसाव्यापर्यंत, नऊ सेकंद, घामाचे डाग. मग कोल्हापूरचंही बोलले. म्हटलं, तिथे पहिली मी हसले होते, माझं चुकलं. त्याचे हात थांबले नाहीत. सोललेले दाणे तो एका वाटीत टाकत होता आणि टरफलं वर्तमानपत्रावर.

"आज त्या विनोदाला हसलीस?" त्यानं विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

त्यानं मान हलवली. शेंग खाली ठेवली, हात पंचाला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्याची जीभ मागे गेलेली मला दिसली. मानेची ती शीर वर आली. मी थांबणार होते, हवं तर सकाळपर्यंत, हवं तर जन्मभर. त्याच्या गळ्यात काहीतरी हललं, ओठ उघडले, आणि तसेच मिटले. शीर पुन्हा खाली बसली. त्यानं दुसरी शेंग उचलली.

"अगं," तो म्हणाला, "जरा चहा ठेवतेस?"

एका दमात म्हणाला. कुठेही न अडता.